खटका एक, खटका दोन

"या, बसा मॅडम. खुर्ची पुसलीय," दादा म्हणाला आणि स्वतः दारातच उभा राहिला.

मॅडम बसल्या. साठीच्या पुढच्या, जाड चष्मा, काखेत फुगलेली पिशवी. रॉक गाण्यांकडेही साहित्य म्हणून बघा, असं सांगून त्यांनी विद्यापीठात निम्म्या विभागाशी वाकडं घेतलं होतं आणि दादाच्या बँडच्या गाण्यांवर चारशे पानं लिहिली होती. गाणी दादा गायचा, लिहायची त्याची धाकटी बहीण. तसं सीडीच्या कव्हरवर छापलेलंच असे. पण ती कधी कुणाला दिसत नसे. तिची तब्येत नाजूक आहे, तिला माणसं सोसत नाहीत, असं दादा सगळीकडे सांगे.

तिची तब्येत ठणठणीत होती. अकरा वर्षांपूर्वी ती दुसऱ्या बँडसाठी लिहायला निघाली, त्याच दिवशी दादाने या माडीवरच्या खोलीला बाहेरून जाड कडी बसवली. सरकवताना एक खटका, दांडी खाली पाडताना दुसरा. उघडतानाही तसेच दोन. जेवण, वह्या, पेनं सगळं वेळेवर वर येई. खाली जाणारा प्रत्येक कागद मात्र दादा आधी वाचे.

मग तिने गाण्यांतच लिहायला सुरुवात केली. खिडकीचे गज, चौदा पायऱ्या, कडी, सगळं जसंच्या तसं. 'खटका एक, खटका दोन, आत कोण, बाहेर कोण?' दादाला ते कळत होतं. पण गाणं तुफान चाललं, आणि गाण्यातलं कोण खरं धरतंय? मैदानात हजारो पोरं घसा फोडून तेच ओरडत, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडत नव्हता.

तिचा शब्दन् शब्द वाचलेलं माणूस आज पहिल्यांदा समोर बसलं होतं.

"ही कडी," मॅडमनी वही उघडली, "दाराच्या नक्की कुठल्या बाजूला आहे?"

"बाहेरच्या," ती म्हणाली. दादाने घसा खाकरला.

"बाहेर. म्हणजे समाज." मॅडमनी लिहून घेतलं. "आणि चौदा पायऱ्या?"

"चौदाच आहेत, मॅडम. तुम्ही आत्ता त्याच चढून आलात."

"वा! म्हणजे वाचकच चढतो! चौथ्या प्रकरणात मी हेच सिद्ध केलंय."

दादाला हसू आवरेना.

"मॅडम, मी लिहिलंय ते सगळं तसंच आहे." ती पुढे सरकली. "अगदी तसंच."

"कवी असंच म्हणतात गं," मॅडम लाडाने म्हणाल्या. "त्यांचं फार मनावर घ्यायचं नसतं."

या विदुषीपेक्षा एखादी चोंबडी शेजारीण परवडली असती! हिने चारशे पानं लिहिली आणि एक ओळ वाचली नाही.

मॅडम उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी कडीवरून कौतुकाने बोट फिरवलं, दांडी वरखाली करून पाहिली. "हीच का ती? फार जड आहे हो."

"वाऱ्याने दार आपटतं ना," दादा म्हणाला.

"बरं, तुम्ही व्हा पुढे. बँडच्या पहिल्या कार्यक्रमाचा फोटो मला पुस्तकात हवाय, तेवढा काढून ठेवा. माझे गुडघे दुखतात, मी आपली सावकाश उतरते."

दादा घुटमळला. "कडी लावाल ना तेवढी?"

"लावते की! अख्खं प्रकरण लिहिलंय तिच्यावर."

दादा हसत निघाला. ती काही बोलणार, तोच मॅडमनी बाहेर होऊन दार ओढून घेतलं. तिने दादाची पावलं मोजली. पाचव्या पायरीवर पावलं थांबली. त्याचा कान वरच होता.

खटका एक. खटका दोन.

"लावली हो!" मॅडम ओरडल्या.

सहा, सात, आठ... चौदा. पावलं खाली पोचली. तिने दाराला कपाळ टेकलं आणि तिला रडू फुटलं. उरलेली सगळी वर्षं आता याच खोलीत जायची होती.

मॅडम अजून दाराबाहेरच होत्या. जिन्यावरून खाली, दादाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात, त्यांचं चौथं प्रकरण सुरू झालं होतं. त्या आवाजाखाली, अगदी दबकत, तिसरा खटका झाला. मग चौथा.