मेढीचा खड्डा

“मुहूर्तमेढ लग्नघरच्यांनीच रोवायची आणि त्यांनीच काढायची, ही रीत. त्यांनी खड्डा उघडा ठेवला, त्यात माझा काय दोष?” मांडववाले गजाभाऊ म्हणाले.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. “करार तुमचा आणि वधूपित्याचा. त्यांच्यापुरते तुम्ही मोकळे. पण त्या खड्ड्यात जिचा पाय मोडला, त्या फुलवालीने कुठल्या करारावर सही केली होती? रस्त्याने जाणाऱ्याला आपल्यामुळे इजा होऊ नये, ही जबाबदारी सहीवाचूनही असते. खड्डा तुम्ही पाहिला होता?”

गजाभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मांडव उतरवल्यावर खुर्च्यांबरोबर फावडंही त्यांनी स्वतःच ट्रकमध्ये टाकलं होतं.

“पाहिला होता,” ते म्हणाले. “माझ्या माणसांना मी ओरडून सांगितलं होतं, खड्डा आहे, जपून.”