इंजिनियर कोलेव यांचा चाळिसावा

कचेरीच्या दारावर चिकटवलेल्या कागदात इंजिनियर कोलेव यांचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘आज चाळीस दिवस झाले’. मालक वल्चेव सोफियाहून आले ते त्या कागदापुढे टोपी काढून उभेच राहिले.

“असा माणूस पुन्हा होणे नाही,” ते भाच्याला म्हणाले. भाच्याने, प्लामेनने, घड्याळ पाहिलं.

आत रुमेनाने उकडलेल्या गव्हांवर पिठीसाखर पेरून वाट्या मांडल्या होत्या. वाइन ओतली गेली. गेलेल्याच्या नावाने पिताना आमच्याकडे पेल्याला पेला लावत नाहीत. प्रत्येकाने थेंबभर जमिनीवर सांडली आणि मुकाट घोट घेतला.

प्लॉवदिवच्या या कचेरीत लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम तयार होतात. रुमेना इथे तेवीस वर्षं. हाताखाली अकरा जण, त्यांत आठ बायका. पण वल्चेवांचा विश्वास एकट्या कोलेववर. रुमेनाची सूचना सोफियाला गेली की महिनाभर धूळ खायची. तीच कोलेवच्या सहीने गेली की तिसऱ्या दिवशी मंजूर. कोलेव लष्करातून निवृत्त झालेला, पगार न घेणारा सल्लागार. कानाने अधू, म्हणून फोनवर येत नसे. पत्रं मात्र झणझणीत लिहायचा. त्याचा कोट अजून खुंटीवर होता. उन्हाळा असो की हिवाळा, तोच.

कोलेवच्या जागी आज कचेरीचा नवा प्रमुख ठरायचा होता. प्लामेन त्यासाठी नवा सूट घालून आला होता.

“मामा, उरकू या,” तो म्हणाला. “बाई कामाला चांगल्या आहेत, पण वर पुरुषमाणूस हवा. कोलेवसारखा.”

“कोलेवसारखा म्हणजे तू?” कचेरीतली सगळ्यांत जुनी पेन्का म्हणाली. “बाळा, आधी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये न अडकवता थांबवून दाखव.”

वल्चेवांचं लक्ष नव्हतं. ते आठवणींत शिरले होते. हिसार्याच्या गरम झऱ्यांवर कोलेव कसा भेटला, दोघांनी राकियाची बाटली कशी संपवली, बुद्धिबळात त्याने आपल्याला कसं हरवलं. सगळ्या सोफियाला हे पाठ होतं; दरवर्षी एक डाव वाढायचा. रुमेनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खणातून एक पाकीट काढून पुढे ठेवलं. कोलेवचं शेवटचं पत्र, म्हणाली.

वल्चेव चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले. दोन टोमणे लिफ्टबद्दल, एक तब्येतीबद्दल, आणि शेवटी, “माझ्यामागे रुमेनाच. हे मी वल्चेवना हिसार्याला, राकिया पिताना, तोंडावर सांगितलं आहे. ते शब्दाला जागतील.”

मग प्लामेनने विचारलं, “मामा, असं खरंच म्हणाला होता तो तुम्हाला?”

वल्चेवांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तेरा जण त्यांच्याकडे बघत होते.

“म्हणाला होता,” ते म्हणाले. “दुसऱ्या पेल्याला.”

“मग आईला काय सांगू?”

“सांग, मेलेल्याला दिलेला शब्द मोडत नसतात.”

नेमणुकीच्या कागदावर सही झाली. वल्चेव जाताना पुन्हा त्या फोटोपुढे थांबले, डोळे पुसले, आणि मोटार कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

पेन्काने दारावरचा कागद नखाने अलगद सोलून काढला. परवा तिचा दीर वार्नाहून यायचा होता. आपलाच फोटो इथे पाहिला असता तर जागीच गेला असता. रुमेनाने खुंटीवरचा कोट झटकून पिशवीत भरला. तिचा नवरा तो तेवीस वर्षं शोधत होता.

मग बायकांनी पेले भरले, आणि या वेळी एकमेकींच्या पेल्यांना खणखणीत लावले.

“बिचारा,” पेन्का म्हणाली. “जन्मला असता तर भला माणूस निघाला असता.”