हसल्याशिवाय उठायचं नाही

शॉट ओके झाला, तशा तिरडीभोवती ऊर बडवणाऱ्या बाया पदर झटकून उठल्या आणि कॉफीच्या पिंपाकडे निघाल्या. तिरडीवरचे मासिलामणी मात्र तसेच पडून राहिले. कपाळावर विभूतीचे पट्टे, मधोमध रुपयाचं नाणं, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पांढरी पट्टी.

"अण्णा, आता हसा," तरुण दिग्दर्शक इळंगो म्हणाला. "कॅमेरा चालू केलाय."

मद्रासच्या या सिनेमावाल्या कोडंबाक्कममध्ये हे कुणाला समजावावं लागत नाही. पडद्यावर मेलेल्या माणसानं शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मगच उठायचं. नाही हसला, तर खोटं मरण खरं होतं. भलेभले नायकसुद्धा यात चालढकल करत नाहीत.

मासिलामणींनी डोळे उघडले, वर मांडवाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

अख्खं युनिट खो खो हसत सुटलं. ज्यानं नुसतं तोंड वाकडं केलं तरी चाळीस वर्षं थिएटरं दणाणत होती, तो माणूस प्रेत झाल्यावर उठायलाच तयार नाही!

"अप्पळम अण्णा मेल्यावरही सोडत नाहीत!" दिव्यांच्या माचावरून कुणीतरी ओरडलं. कधीकाळी एका सिनेमात त्यांनी डोक्यानं अप्पळम, म्हणजे पापड, फोडले होते, तेव्हापासून त्यांच्या नावाला हे अप्पळम चिकटलं ते चिकटलंच.

मेकअपमन चोक्कलिंगम हसला नाही. गेली एकतीस वर्षं तो या चेहऱ्याला रंग लावत होता. गंमत करताना हा चेहरा कसा दिसतो ते त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि आज तो तसा दिसत नव्हता. घाम टिपायचं निमित्त करून तो तिरडीपाशी बसला.

"अण्णा, हे काय चालवलंय?"

"पडू दे मला," डोळे न उघडता मासिलामणी पुटपुटले. "बरं वाटतंय."

"आधी हसून टाका, मग झोपा हवं तितकं."

"नाही हसलो तर काय होतं रे, चोक्का?"

"काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"मग होऊ दे की. वडिवु जाऊन एक्केचाळीस दिवस झाले. घरी कोण वाट बघतंय माझी?"

चोक्कलिंगमला रागच आला. जिवाभावाच्या माणसाचा येतो तसला, डोळ्यांत पाणी आणणारा. शंभर माणसं पोट धरून हसत होती, आणि हा गृहस्थ त्यांच्या देखत, भर दुपारी, कुणाला पत्ता लागू न देता निघाला होता.

मासिलामणी पडद्यावर अनेकदा मेले होते. विहिरीत पडून, बैलाची ढुशी लागून, एकदा तर सासूच्या हातचं जेवून. दर वेळी वडिवु वहिनींचा फोन चोक्कलिंगमला यायचा. नवऱ्याला नाही, नवरा थापा मारेल म्हणून.

"अण्णा," तो त्यांच्या कानाशी वाकला, "वहिनी मला फोनवर काय विचारायच्या?"

मासिलामणींच्या पापण्या हलल्या.

"'हसले का हो ते, भावजी? तुम्ही स्वतः पाहिलंत?' इतकी वर्षं मी त्यांना खरं तेच सांगत आलो. आज संध्याकाळी तुमच्या घरी येतोय. त्यांच्या फोटोसमोर उभा राहून काय सांगू? तेवढं सांगा, आणि मग खुशाल मरा."

"चोक्कलिंगम अण्णा, फ्रेममध्ये येताय तुम्ही!" इळंगो ओरडला.

तो बाजूला झाला.

बऱ्याच वेळानं मासिलामणींनी डोळे उघडले आणि मान कॅमेऱ्याकडे वळवली. कपाळावरचं नाणं घसरून खाली पडलं. हनुवटीची पट्टी आड येत होती. तिच्याशी झगडत ओठ ताणले गेले, थरथरले, आणि एका बाजूनं कसंबसं हसू वर चढलं. वेडंवाकडं, अवघडलेलं, त्यांच्या चाळीस वर्षांतलं सगळ्यात वाईट. या खेपेला युनिटमधलं कुणीही हसलं नाही.

"ओके," इळंगो हळूच म्हणाला.

चोक्कलिंगमनं पुढे होऊन हनुवटीची पट्टी सोडली.

"सांग तिला," मासिलामणी म्हणाले, "हसले म्हणून."

मग त्यांनी हात वर केला.

"आता उठव मला."