ठसठशीत बाण

"आता या हॉस्पिटलात जो रस्ता चुकेल, त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत," सगळ्या पाट्या आणि बाण लावून झाल्यावर डिझायनरने मोठ्या डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात डिझायनरला धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बाबांच्या छातीत दुखतंय. तुझ्याच हॉस्पिटलात आणलंय. इमर्जन्सी कुठेय? कोणाला विचारू?"

"अरे गाढवा, विचारतोस काय! बाण काय शोभेला लावलेत मी? व्हीलचेअर घे आणि लाल बाण दाखवेल तिकडे पळत सूट. आलोच मी."

भाऊ पळत सुटला. शेवटचा लाल बाण समोरच्या एका दारावर रंगवलेला होता. दार बंद असलं की तो बरोबर उजवीकडे, इमर्जन्सी दाखवायचा. पण आज पुसलेली फरशी वाळावी म्हणून कोणीतरी दार आत ढकलून वीट लावून ठेवली होती. दाराबरोबर बाणही फिरला होता आणि 'सरळ आत जा' म्हणत होता.

"थोरल्याने बाण मात्र ठसठशीत काढलेत हं," बाबा कण्हत म्हणाले.

लांबलचक उतार संपला तिथे शवागारातल्या माणसाने व्हीलचेअर अडवली. "अहो, हे तर बोलतायत!"

भाऊ धापा टाकत मागे फिरला. उताराचा आता चढ झाला होता.



बाबांना तिथे दुसऱ्यांदा नेलं, तेव्हा मात्र कोणी रस्ता चुकलं नाही.