निळी वीत

सरोवराकाठच्या संग्रहालयात गावकऱ्यांनी विणलेली चिंध्यांची सतरंजी आज भिंतीवर चढली होती. प्रत्येकाने आपल्या जुन्या कपड्याची एकेक वीत विणायची, वाकडी आली तरी तशीच ठेवायची, हा नियम कार्यशाळा घेणाऱ्या सायमीचाच. निवृत्त पोस्टमन ताइस्तोने दोन महिने, दर सोमवारी, कापऱ्या हातांनी गणवेशाच्या निळ्या सदऱ्याची वीत विणली होती. पाहुण्यांसमोर हसे नको म्हणून सायमीने काल ती वीत गुपचूप उसवून सरळ विणली. "ही तुझी? पट्टीने आखल्यासारखी?" त्याची बायको खदखदून हसली. "कुणाकडून करून घेतलीस, लबाडा?" "आईशप्पथ, मीच विणली! सायमी, सांग हिला!" सायमीला मान वर करवेना. "काका, तुमची वाकडी होती. मी उसवली." ताइस्तोची बोटे निळ्या विणीवरून फिरली. "सुरेख झालीये," तो म्हणाला. "सरळच हवी होती, तर पहिल्याच सोमवारी सांगायचंस, पोरी. सदरा देऊन घरी गेलो असतो."