जीपएवढी सायकल

"आता लांबून बघ, शरणम्मा. काय यायलंय वाटतं?" रस्त्यावरून महादेवप्पा ओरडला.

सायकलच्या हँडलला त्याने तीन हात लांबीचा बांबू आडवा बांधला होता. बांबूच्या दोन्ही टोकांना तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवलेले बल्ब आणि कॅरिअरवर स्कूटरची जुनी बॅटरी. मागेही तसाच बांबू, त्याला दोन लाल दिवे. लातूरला बॅटरी चार्जिंगच्या दुकानात कामाला असल्यावर एवढं तर यायलाच पाहिजे.

शरणम्माला दिवस मावळला की दिसत नसे. दोन वर्षं पाऊस नाही, पालेभाजी नजरेला पडलेली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रातांधळेपणा सांगितला होता. उजेड तेवढा तिला कळे.

"जीप वाटती की हो!" ती म्हणाली.

"झालं तर मग. डायवरलाबी जीपच वाटंल."

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. पाणी काही आलं नाही, गाड्या मात्र आल्या. साहेबांच्या जीपा, कंत्राटदारांचे ट्रक, टँकर. सायकलवाल्याला कोणी खिजगणतीत धरत नव्हतं. समोरचा ट्रक सरळ अंगावर येई, आपण मुकाट मुरमात उतरायचं. मागून येणारे त्याहून वाईट. महादेवप्पाच्या घरासमोर येऊन संपणारा उतार लांबलचक. डिझेल वाचवायला ड्रायव्हर माथ्यावरच इंजिन बंद करत आणि गाडी तशीच खाली सोडून देत. शरणम्माचा धाकटा भाऊ मन्मथ गेल्या दिवाळीत असाच सायकलवर असताना गाडीखाली गेला. तेव्हापासून नवरा घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. महादेवप्पाने हे बांबूचं सोंग उभं केलं ते तिच्यासाठीच.

सोंग असलं तरी ते चाललं. जीप समजून ट्रकवाले अर्धा रस्ता सोडू लागले. मागचे लाल दिवे बघून जीपवाले लांबून वळसा घेऊ लागले. महादेवप्पा साहेबासारखा ऐटीत घरी येऊ लागला.

येताना तो माथ्यापलीकडच्या हापशावरून पाण्याचे दोन कॅन लादून आणी. दोन कोसांत चालू असलेला तेवढा एकच हापसा होता. एवढं ओझं घेऊन उतारावर ब्रेक लागत नसत, आणि पाय टेकला की सायकल आडवी. म्हणून उतार संपतो तिथे, घरासमोर, शरणम्मा उभी राही. दोन दिवे मोठे झाले की रस्त्याच्या मधोमध जाई, हात पसरून बांबू पकडी आणि मागे सरकत सरकत सायकल थांबवी. दोन महिन्यांत एक तांब्याभर पाणीसुद्धा सांडलं नाही. दिवसातलं तेवढंच एक सुख दोघांच्या वाट्याला होतं.

मग एका संध्याकाळी एक ट्रक त्यांच्या दाराशीच थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, भुजंग नावाचा, आडदांड.

"सायकलीला जीपचे दिवे लावतोस? दोन महिने मी तुला साइड द्यायलो!" तो महादेवप्पाला म्हणाला. "समद्या डायवरलोकांना सांगितलोय. आता दोन दिवे दिसले तरी कोणी हटणार न्हाई."

शरणम्मा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

सकाळी तिने सायकल धरून ठेवली. "ते दिवे काढा. पांदीनं येत जावा."

पांदी शेतांमधून यायची आणि त्यांच्या मागच्या दाराशी निघायची. खाचखळग्यांची वाट, पण तिथे गाडी जात नसे.

"पांदीनं निम्मं पाणी सांडंल. काय पिणार?"

"तहानेनं मरू, पण बरोबर मरू. मन्मथसारखं तुमाला चादरीत गुंडाळून आणलेलं मला बघवणार न्हाई." ती रडू लागली. "माझी शपथ हाय."

महादेवप्पाने तिचा हात हँडलवरून हळूच काढला आणि तो गेला. नवऱ्याचा हट्ट तिला ठाऊक होता. दिवसभर चुलीपुढे बसून ती गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरत होती आणि सोडत होती.

दिवस मावळला. रोजच्या वेळी ती रस्त्याकडेला आली. एक ट्रक घरघरत गेला. मग एक टँकर. दोन्ही वेळा ती मागे सरली आणि दोन्ही वेळा तिच्या मनात नको ते आलं. शेजारची केवळाबाई हाक मारून गेली, "येतील गं, घरात बस." ती बसली नाही. तो कुठेतरी मुरमात पडलाय, कॅन फुटलेत, पाणी वाहून चाललंय, असंच तिला दिसत राहिलं. डोळ्यांना दिसत नसलं की मनाला फार दिसतं.

आणि माथ्यावर दोन दिवे उगवले.

तिने कान दिला. घरघर नव्हती. दिवे शांतपणे उतार उतरत होते, रोजच्यासारखेच एकमेकांपासून तीन हातांवर. आज उजेड अंमळ जास्तच होता. बॅटरी चार्ज करून आणली असणार. ट्रकवाल्याने मारलं नव्हतं, कोणीच मारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. शपथ मोडली म्हणून आज चांगलं भांडायचं, पण आधी पोटभर जेवू घालायचं, असं तिने ठरवून टाकलं.

दिवे मोठे झाले. शरणम्माने पदर खोचला, रस्त्याच्या मधोमध गेली आणि बांबू पकडायला दोन्ही हात पसरले.

तेवढ्यात पाठीमागून, घराच्या मागच्या दारातून, महादेवप्पाची हाक आली, "शरणम्मा! तुझंच ऐकलो बघ. दिवे काढून दुकानात ठेवलो, पांदीनं आलो. कुठं हाईस गं?"