तीन किलवर

टिपणिसांच्या ‘एक बदाम’वर समोर बसलेल्या बायकोने एकदम ‘तीन किलवर’ अशी उडी मारली. जिमखान्याच्या ब्रिजच्या ढालीचा शेवटचा डाव होता. सहा बदाम बोलून तेवढे हात केले तर ढाल त्यांची. चारवर थांबले तर विरुद्ध खेळणाऱ्या डॉक्टर गद्र्यांची.

‘किलवर भक्कम, शिवाय तुमच्या बदामांना साथ’ हा या उडीचा अर्थ त्यांनीच तिला शिकवला होता. पण शिकवणं वेगळं आणि हिच्या डोक्यात शिरणं वेगळं! रिमोटचं बटण अजूनही विचारून दाबणारी बाई ही. बोलीच्या वेळी जोडीदाराला काही विचारता येत नाही. घरीही त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे अडचण अशी नव्हती.

‘चार बदाम,’ ते दयाळूपणे म्हणाले.

बोली तिथेच थांबली आणि नियमाप्रमाणे तिने आपली पानं उघडून मांडली. किलवर भक्कम, बदामांना साथ. सहाला पुरतील एवढे हात सहज झाले.

‘मला वाटलं, तू अर्थ विसरलीस,’ टिपणीस पुटपुटले.

‘डॉक्टर,’ पत्ते गोळा करत बाई म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर बसू का? हे हुशार आहेत हो, पण यांना काही सांगून उपयोग नसतो.’